किल्ल्याच्या फाटकातून परत आलेला हुकूम

बडोद्याच्या दांडिया बाजारात आमचे एक लहानसे वाचन मंडळ आहे. महिन्यातून एका रविवारी दहा-बारा माणसे जमतात, कोणी एखादे प्रकरण वाचतो आणि मग त्यावर बोलणे होते. गेल्या बैठकीचा विषय संविधानातील आणीबाणीच्या तरतुदींचा होता. मंडळातील सर्वांत ज्येष्ठ सदस्य, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो, ते म्हणाले, "वकीलसाहेब, युद्ध दारात आले असताना हक्कांची भाषा बोलून चालत नाही. लिंकनसारख्या माणसानेसुद्धा हक्क बाजूला ठेवले, तेव्हा देश वाचला." या बोलण्यामागे अनुभव आहे, हे मला ठाऊक आहे. १९ सप्टेंबर १९६५ रोजी गुजरातचे मुख्यमंत्री बळवंतराय मेहता यांचे विमान पाकिस्तानी लढाऊ विमानाने कच्छमध्ये पाडले, तेव्हा अण्णा कॉलेजात शिकत होते. आणि १९७१ च्या डिसेंबरात आमच्या वाड्याच्या खिडक्यांना काळे कागद त्यांनीच चिकटवले, तेव्हा सात वर्षांचा मी त्यांना खळ आणून देत होतो. त्यांना मी त्या रविवारी दिलेले उत्तर घाईचे आणि अपुरे होते. पुरे उत्तर येथे लिहितो आहे.

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या वेळचे राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांचे उदाहरण बहुधा अर्धेच सांगितले जाते. १९ एप्रिल १८६१ रोजी राजधानीच्या रक्षणासाठी निघालेल्या मॅसॅच्युसेट्सच्या पलटणीवर बाल्टिमोर शहरात जमावाने हल्ला केला. त्यानंतर उत्तरेकडून येणाऱ्या रेल्वेमार्गावरील पूल जाळले गेले आणि काही दिवस वॉशिंग्टन एकाकी पडले. अमेरिकी संसदेचे, म्हणजे काँग्रेसचे, अधिवेशन त्या वेळी चालू नव्हते. २७ एप्रिलला लिंकनने सरसेनापती विनफील्ड स्कॉट यांना अधिकार दिला, की फिलाडेल्फिया ते वॉशिंग्टन या लष्करी मार्गाच्या आसपास गरज पडल्यास त्यांनी हेबिअस कॉर्पस स्थगित करावे. मराठीत आपण ज्याला देहोपस्थितीचा आदेश म्हणतो, तो हाच. अटकेतील माणसाला न्यायालयापुढे उभे करा आणि त्याला कोणत्या कायद्याने धरले आहे ते सांगा, एवढेच तो आदेश मागतो. तो मागण्याची सोय नसेल, तर बाकीचे सगळे हक्क कागदावर शाबूत असूनही कोठडीतल्या माणसाच्या उपयोगाचे राहत नाहीत.

२५ मे १८६१ च्या पहाटे दोनच्या सुमारास मेरीलँडमधील जॉन मेरीमन या जमीनदाराला लष्कराने त्याच्या घरातून उचलले आणि बाल्टिमोरच्या मॅकहेन्री किल्ल्यात ठेवले. त्याच्या वकिलांनी सरन्यायाधीश रॉजर टॅनी यांच्याकडे अर्ज केला. टॅनी यांनी किल्ल्याचे अधिकारी जनरल कॅडवॉलडर यांना बंद्यासह हजर राहण्याचा आदेश काढला. जनरलने बंद्याला पाठवले नाही, राष्ट्राध्यक्षांनी दिलेल्या अधिकाराचा हवाला पाठवला. तेव्हा टॅनी यांनी जनरलविरुद्ध न्यायालयाच्या अवमानाचा हुकूम देऊन मार्शलला, म्हणजे न्यायालयाचे हुकूम बजावणाऱ्या अधिकाऱ्याला, किल्ल्यावर धाडले, आणि त्या मार्शलला बाहेरच्या फाटकावरूनच परत पाठवण्यात आले. सरन्यायाधीशांनी आपला निर्णय सविस्तर लिहून काढला आणि त्याची प्रत लिंकनकडे पाठवली. स्थगितीचा अधिकार संविधानाच्या पहिल्या अनुच्छेदात आहे, तो अनुच्छेद काँग्रेसविषयी आहे, म्हणून हा अधिकार एकट्या राष्ट्राध्यक्षाचा नाही, असा त्या निर्णयाचा गाभा होता. गुलामांना नागरिकत्व नाकारणारा १८५७ चा ड्रेड स्कॉट निकाल याच टॅनींनी लिहिला होता, आणि त्या निकालाची मला मनापासून चीड आहे. तरीही मेरीमनच्या बाबतीत त्यांचे वाचन मला बरोबर वाटते. नावडता न्यायाधीशही योग्य बोलू शकतो, आणि आवडता राष्ट्राध्यक्षही चुकू शकतो.

४ जुलै १८६१ रोजी काँग्रेसपुढे लिंकनने आपली बाजू मांडली. एक कायदा मोडू नये म्हणून बाकीचे सगळे कायदे अमलाविना पडू द्यायचे आणि सरकारच कोसळू द्यायचे काय, असा त्याचा प्रश्न होता. अण्णांचे म्हणणे याच प्रश्नाचा आधार घेते, आणि तो प्रश्न खोटा नाही. परंतु पुढे काय झाले तेही पाहिले पाहिजे. एका रेल्वेमार्गापुरती सुरू झालेली ही स्थगिती सतराच महिन्यांत, सप्टेंबर १८६२ च्या जाहीरनाम्याने, सैन्यभरतीला विरोध करणाऱ्या कोणालाही देशात कोठेही लागू झाली. पूल जाळणारा आणि भाषण करणारा, दोघे एकाच मापाने मोजले जाऊ लागले. दुसऱ्या बाजूने, लिंकनने ही गोष्ट काँग्रेसपासून लपवली नाही. ३ मार्च १८६३ रोजी काँग्रेसने कायदा करून त्याला स्थगितीचा अधिकार दिला, पण त्याच कायद्यात बंद्यांच्या याद्या न्यायालयांना पुरवाव्यात आणि ज्यांच्यावर ग्रँड ज्युरीने, म्हणजे खटला भरावा की नाही ते ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने, आरोप ठेवला नाही त्यांना सोडावे, अशी अटही घातली. आणि युद्ध पेटलेले असताना १८६४ ची निवडणूक त्याने ठरल्या वेळी होऊ दिली. त्या ऑगस्टमध्ये तर आपण हरणार अशीच त्याची अटकळ होती. लिंकनचे नाव घेऊन आणीबाणीचे समर्थन करणाऱ्याने ही निवडणूक आणि त्या याद्याही सोबत घेतल्या पाहिजेत.

इंडियानातील लॅम्बडिन मिलिगन याला ऑक्टोबर १८६४ मध्ये पकडून लष्करी आयोगाने फाशीची शिक्षा दिली. इंडियानात तेव्हा लढाई चालू नव्हती आणि दिवाणी-फौजदारी न्यायालये रोजच्यासारखी उघडी होती. सर्वोच्च न्यायालयाने १८६६ मध्ये ही शिक्षा रद्द केली. न्यायालये उघडी असताना सामान्य नागरिकाला लष्करापुढे उभे करता येत नाही, आणि संविधान युद्धात व शांततेत राज्यकर्त्यांना व प्रजेला सारखेच बांधते, असे न्यायमूर्ती डेव्हिड डेव्हिस यांनी लिहिले. डेव्हिस हे लिंकनचे जुने स्नेही, आणि लिंकननेच नेमलेले. निकाल थोर आहे. पण तो आला तेव्हा युद्ध संपून वर्ष उलटले होते. १८६१ साली फाटकावरून मार्शल परत आला तेव्हा हे वाक्य कोणाच्या कामी आले नव्हते.

हा उशीर मला सर्वांत अधिक खुपतो. १९ फेब्रुवारी १९४२ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी आदेश क्रमांक ९०६६ काढला आणि त्याच्या आधारे पश्चिम किनाऱ्यावरील सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या माणसांना घरेदारे सोडायला लावून छावण्यांत ठेवले गेले. त्यांतील दोन-तृतीयांश लोक जन्माने अमेरिकी नागरिक होते. ओकलंडमध्ये जन्मलेल्या फ्रेड कोरेमात्सु या वेल्डरने निघून जाण्यास नकार दिला. डिसेंबर १९४४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी त्याची शिक्षा कायम केली. न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांनी विरोधी मतात बजावले, की लष्करी आदेश थोडे दिवस टिकतो, पण न्यायालयाने त्याला तत्त्वाची मान्यता दिली की ते तत्त्व भरलेल्या बंदुकीसारखे पडून राहते आणि निकडीचे कारण सांगणारा कोणीही ते उचलू शकतो. सरकारने न्यायालयापासून पुरावा दडवला होता हे उघड झाल्यावर १९८३ मध्ये कोरेमात्सुची शिक्षा रद्द झाली. १९८८ मध्ये काँग्रेसने माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येक बंदिवानाला २० हजार डॉलर देऊ केले. तो निकाल चुकीचा होता, असे सर्वोच्च न्यायालय स्पष्ट शब्दांत म्हणाले ते २०१८ साली, म्हणजे ७४ वर्षांनी.

आता याच्याशेजारी दुसरे प्रकरण ठेवून पाहावे. कोरियात युद्ध चालू असताना अमेरिकेतील पोलाद कामगार संपावर जाण्याच्या बेतात होते. ८ एप्रिल १९५२ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी देशातील बहुतेक पोलाद कारखाने सरकारच्या ताब्यात घेतले. पोलादावाचून दारूगोळा नाही, ही त्यांची अडचण खरीच होती. तरीही २ जून रोजी, आठ आठवड्यांच्या आत, सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी हा आदेश रद्द केला. काँग्रेसने असा अधिकार दिलेला नव्हता, उलट १९४७ च्या कामगार कायद्याच्या वेळी ही सूचना तिच्यापुढे आली असता तिने ती घेतली नव्हती. सरसेनापतिपद म्हणजे देशातील कारखान्यांचे मालकपद नव्हे, असा निकालाचा अर्थ होता. ट्रुमन यांनी कारखाने परत केले, संप झाला, आणि अमेरिका त्यामुळे युद्ध हरली नाही.

मी या दोन निकालांकडे अनेक वर्षे पाहत आलो आहे. आठ वर्षांच्या अंतराने त्याच न्यायालयाने युद्ध चालू असताना कारखानदारांची मालमत्ता राष्ट्राध्यक्षाच्या हातून सोडवली, आणि माणसांना मात्र सोडवले नाही. फरक न्यायमूर्तींच्या धैर्याचा होता असे मला वाटत नाही; दोन्ही पीठांवर बरीचशी तीच माणसे होती. पोलादाच्या खटल्यात काँग्रेसने आधीच काय केले होते ते न्यायालयाला दाखवता आले. जपानी वंशाच्या माणसांच्या बाबतीत तर काँग्रेसने लष्कराच्या आदेशाला कायद्याचे पाठबळ दिले होते, आणि त्यांच्या बाजूने बोलणारे वजनदार कोणीच नव्हते. म्हणून माझे मत असे झाले आहे, की राष्ट्रप्रमुखाच्या अधिकाराची मर्यादा युद्धात शोधायला जाऊ नये. ती शांततेच्या दिवसांत, मन थाऱ्यावर असताना, इतक्या साध्या शब्दांत लिहून ठेवलेली असावी की युद्धाच्या दिवसांत ती लागू करायला न्यायाधीशाला शूर असावे लागू नये.

आपल्याकडे हे किती महाग पडले ते आता सांगतो. चीनचे आक्रमण झाल्यावर २६ ऑक्टोबर १९६२ रोजी आणीबाणी जाहीर झाली. चीनने २१ नोव्हेंबरला एकतर्फी शस्त्रसंधी केली, पण आपली आणीबाणी १० जानेवारी १९६८ पर्यंत चालू राहिली. लढाई एक महिन्याची आणि आणीबाणी पाच वर्षांहून अधिक. त्या काळात आसाम आणि दार्जिलिंगकडील सुमारे ३ हजार चिनी वंशाच्या माणसांना राजस्थानातील देवळी येथील छावणीत ठेवले गेले, आणि त्यांतील काही वर्षानुवर्षे तेथे राहिले. कोरेमात्सुचे नाव आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते आणि देवळीचे नसते, याचे मला दुःख होते.

१९७५ च्या जूनमधील आणीबाणी युद्धाची नव्हती, अंतर्गत अशांततेचे कारण देऊन ती आली; परंतु १९७१ च्या युद्धाची आणीबाणीही तोपर्यंत उठवलेली नव्हती. भारताचा राष्ट्रपती अमेरिकी राष्ट्राध्यक्षासारखा स्वतःच्या मताने चालत नाही, मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतो. पण २५ जूनच्या रात्री सही झाली आणि मंत्रिमंडळाला ते २६ च्या सकाळी कळले. सल्ला देणाऱ्यांना आपण सल्ला दिल्याचे सहीनंतर समजले!

बडोद्याला मात्र या आणीबाणीचा अनुभव दोन टप्प्यांत आला, आणि अण्णांनी तो स्वतः पाहिला आहे. गुजरातेत तेव्हा बाबूभाई जशभाई पटेल यांचे जनता मोर्चाचे सरकार नुकतेच आले होते. वृत्तपत्रांवरील सेन्सॉर केंद्राचा होता, म्हणून तो येथेही आला. पण मिसा, म्हणजे खटल्याविना अटकेत ठेवू देणारा अंतर्गत सुरक्षा कायदा, त्याखाली माणसे धरण्याचे हुकूम मुख्यतः राज्य सरकारच्या यंत्रणेतून निघत, आणि ते सरकार विरोधकांचे असल्यामुळे मार्च १९७६ पर्यंत येथे सभा होत, माणसे मोकळेपणी बोलत, आणि परप्रांतांतून भूमिगत झालेले कार्यकर्ते आसऱ्याला येत. ऑक्टोबर १९७५ मध्ये अहमदाबादेत नागरी स्वातंत्र्याची परिषद भरली व मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश एम. सी. छगला तेथे बोलले. बडोद्याहून निघणाऱ्या 'भूमिपुत्र' या सर्वोदयी नियतकालिकाने त्याचा वृत्तान्त छापला म्हणून त्यावर सेन्सॉरची कारवाई झाली, प्रकरण गुजरात उच्च न्यायालयात गेले आणि त्या न्यायालयाने आणीबाणी चालू असतानाच सेन्सॉरच्या अनेक मार्गदर्शक सूचना बेकायदा ठरवल्या. याच उच्च न्यायालयातील न्यायमूर्ती सांकळचंद शेठ यांची पुढे मे १९७६ मध्ये त्यांच्या संमतीविना आंध्र प्रदेशात बदली झाली.

माझे वडील रावपुऱ्यातील एका लहान छापखान्यात जुळारी, म्हणजे छपाईसाठी शिशाचे खिळे एकेक अक्षर जुळवणारे कामगार, होते. मार्चमध्ये राज्यातील सरकार पडले आणि राष्ट्रपती राजवट आली, त्या आठवड्यातील एक रात्र मला आठवते. मी अकरा-बारा वर्षांचा होतो आणि त्यांचा डबा घेऊन गेलो होतो. एका व्याख्यानाचा मजकूर जुळवून तयार होता, प्रुफे तपासून झाली होती. मालकांनी येऊन हळू आवाजात काही सांगितले. वडिलांनी फर्मा सोडला आणि ते एकेक खिळा परत त्याच्या त्याच्या खणात टाकू लागले. कोणी हुकूम घेऊन आले नव्हते, पोलीस दारात नव्हते. मी विचारले तेव्हा ते एवढेच म्हणाले, "हे आता नाही छापायचे." तीन दिवसांचे काम त्यांनी दोन तासांत मोडले. ते व्याख्यान कशावर होते हे मी त्यांना पुढे कधी विचारले नाही, याची खंत वाटते.

२८ एप्रिल १९७६ रोजी जबलपूरच्या अतिरिक्त जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. अनुच्छेद ३५९ खालील राष्ट्रपतींच्या आदेशामुळे अनुच्छेद २१, म्हणजे जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क, न्यायालयात मागताच येत नाही, म्हणून देहोपस्थितीचा अर्जही करता येत नाही, असे चार न्यायमूर्तींनी ठरवले. त्याआधी नऊ उच्च न्यायालयांनी उलट मत दिले होते. सुनावणीत न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी महान्यायवादी नीरेन डे यांना विचारले, की एखाद्या पोलिसाने वैयक्तिक वैरातून कोणाला ठार मारले तरी उपाय नाही काय; आणि आणीबाणी चालू आहे तोपर्यंत नाही, अशा अर्थाचे उत्तर त्यांना मिळाले. खन्ना यांनी एकट्याने विरोधी मत लिहिले. जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून त्यांच्याहून कनिष्ठ न्यायमूर्तींना सरन्यायाधीश केले गेले आणि त्यांनी राजीनामा दिला. सूरसागराजवळच्या जुन्या न्यायमंदिराच्या इमारतीत मी वकिली सुरू केली तेव्हा तेथील ग्रंथालयात ते विरोधी मत पहिल्यांदा पुरे वाचले, आणि वडिलांच्या हातातले खिळे पुन्हा डोळ्यांपुढे आले.

डॉ. आंबेडकर बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले, याचा आम्हां बडोदेकरांना अभिमान आहे. संविधान सभेत त्यांनी अनुच्छेद ३२ ला, म्हणजे हक्कांसाठी सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावण्याच्या हक्काला, संविधानाचा आत्मा आणि हृदय म्हटले. त्याच संविधानात ते दार आणीबाणीत बंद करण्याची किल्ली ३५९ मध्ये ठेवली गेली, आणि ह. वि. कामत यांनी सभेत त्याला तीव्र विरोध केला. फाळणीच्या रक्तपातातून नुकत्याच बाहेर पडलेल्या सभेने ती किल्ली का ठेवली हे मी समजू शकतो. तरी कामतांचे भय खरे ठरले, असेच मला म्हणावे लागते.

अण्णांना मला जे सांगायचे होते ते १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीत आहे. आता अनुच्छेद २०, म्हणजे गुन्ह्याच्या शिक्षेबाबतचे संरक्षण, आणि अनुच्छेद २१ कोणत्याही आणीबाणीत, युद्धातसुद्धा, स्थगित करता येत नाहीत. मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवल्याशिवाय राष्ट्रपती आणीबाणी जाहीर करू शकत नाहीत. संसदेची मान्यता एका महिन्यात घ्यावी लागते, दर सहा महिन्यांनी पुन्हा घ्यावी लागते, आणि लोकसभेच्या एक-दशांश सदस्यांनी मागणी केली तर आणीबाणी उठवण्याच्या ठरावासाठी चौदा दिवसांत बैठक बोलवावी लागते. भाषणस्वातंत्र्यासारखे इतर हक्क युद्धात अजूनही थांबवता येतात. सैन्याच्या हालचाली छापू नयेत, रात्री दिवे लावू नयेत, हे कोणीही मान्य करील आणि मीही करतो. परंतु माणसाला उचलून नेल्यावर तो कोठे आहे आणि कोणत्या कायद्याने आहे, हे विचारण्याची वाट बंद होत नाही. १९९९ मध्ये कारगिलला लढाई झाली आणि देशाने ती आणीबाणी जाहीर न करता जिंकली. जबलपूरचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये, ४१ वर्षांनी, मोडीत काढला. पण नागरिकाचे संरक्षण त्याच्या कितीतरी आधी, संसदेने चार ओळी लिहून केले होते.

मात्र त्याच घटनादुरुस्तीचे एक कलम आजही लागू झालेले नाही. प्रतिबंधक अटकेविषयीच्या, म्हणजे पुढे काही करील या संशयावरून खटल्याविना ठेवण्याविषयीच्या, अनुच्छेद २२ मध्ये बदल करणारे ते तिसरे कलम आहे. अटकेला पुरेसे कारण आहे का ते तपासणाऱ्या सल्लागार मंडळाच्या मताशिवाय माणसाला तीन महिने ठेवता येते, ती मुदत दोन महिन्यांवर आणावी, आणि ते मंडळ उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींच्या शिफारशीने, आजी-माजी न्यायमूर्तींचे बनवावे, असे ते म्हणते. संसदेने ते मंजूर केले, राष्ट्रपतींनी संमती दिली, आणि ते केव्हा अमलात आणायचे ती तारीख केंद्र सरकारने अधिसूचनेने ठरवावी असे ठेवले. ज्या सरकारने दुरुस्ती केली त्यानेही ती अधिसूचना काढली नाही, आणि त्यानंतर आलेल्या कोणत्याही पक्षाच्या सरकारने काढली नाही. २८ डिसेंबर १९८१ रोजी सर्वोच्च न्यायालयापुढे हा प्रश्न आला, तेव्हा सरकारला तारीख ठरवण्याची सक्ती न्यायालय करू शकत नाही, असे बहुमताने ठरले. या खेपेला हुकूम किल्ल्याच्या फाटकापर्यंतसुद्धा पोचलेला नाही; तो मंत्रालयाच्या कपाटात आहे.

पुढच्या बैठकीत मी त्या तिसऱ्या कलमाच्या बारा प्रती घेऊन जाणार आहे. ते मोठ्याने वाचण्याची विनंती मी अण्णांनाच करीन, आणि त्यांना पटले तर आमच्या खासदारांना लिहायच्या पत्रावर पहिली सही त्यांची घेईन.